हरवलेला जुम्मा

आमच्या घरात राग आणि माया उर्दूत चालते, हुज्जत मराठीत. ही वाटणी अब्बांनी केलेली. चिडले की ते उर्दूत सुरू होतात आणि दोन वाक्यांत थंड होतात. लाडात आले तरी उर्दूच. पण एखादी गोष्ट पटलेली नसली की थेट मराठीवर येतात, कारण सगळी उमर गिऱ्हाइकांशी घासाघीस त्यांनी मराठीतच केली. माझ्या नोकरीबद्दल अब्बा माझ्याशी कायम मराठीतच बोलत आले होते.

जुन्या जालन्यात, धान्याच्या आडती संपून कापडाची दुकानं सुरू होतात त्या कोपऱ्यावर अब्बांचं बर्फाचं दुकान आहे. कारखान्यातून लाद्या येतात, भुशात आणि बारदानात गुंडाळल्या जातात आणि टोच्याने फोडून विकल्या जातात. गोळेवाले, रसवंतीवाले, मच्छीवाले, लग्नांचे आचारी, असं सगळं गिऱ्हाईक. चतुर्थीला राजूरला गणपतीच्या दर्शनाची झुंबड उडते, त्या दिवशी तिथल्या रसवंत्यांसाठी अब्बा टेम्पो भरून लाद्या पाठवतात. वडीगोद्रीला हमरस्त्यावर जेवणाची हॉटेलं आहेत, तीही त्यांचीच गिऱ्हाइकं.

आणि मीही बर्फातच. समुद्राकाठच्या एका संस्थेत मी अंटार्क्टिकाच्या बर्फावर काम करते. गल्लीत सगळे म्हणतात, पोरगी शिकली-सवरली आणि शेवटी बापाच्याच धंद्यात गेली. ऐकून अब्बांना हसू येत नसे. कारण माझं काम त्यांना पटलंच नव्हतं.

काम सांगायला सोपं आहे. अंटार्क्टिकात पडलेला बर्फ वितळत नाही. यंदाचा बर्फ गेल्या वर्षीच्या बर्फावर बसतो, त्याच्यावर पुढच्या वर्षीचा. खोल भोक पाडून त्या बर्फाचा लांबलचक दांडका वर काढतात. उन्हाळ्यात तिथल्या समुद्रातले बारीक जीव वाढतात आणि त्यांच्यापासून सुटणारं गंधक बर्फात उतरतं. हिवाळ्यात वादळं समुद्राचं मीठ आणून टाकतात. दांडक्याचे बारीक तुकडे करून तपासले की गंधक, मीठ, गंधक, मीठ अशी पाळी लागते. एका उन्हाळ्यापासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत एक वर्ष. त्या दोहोंच्या मध्ये जितका बर्फ, तितकी त्या वर्षीची बर्फवृष्टी. माणसं तिथे पोचायच्या कितीतरी आधीच्या वर्षांत किती बर्फ पडला, हे असं कळतं. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी आनंदाने येड्यासारखी हसले होते.

अब्बा मात्र मान हलवायचे. "बर्फ मीठ धरत न्हाई बेटा. ढकलतो."

त्यांचं म्हणणं त्यांच्या धंद्यातून आलेलं होतं आणि त्या धंद्यापुरतं खरंच होतं. कारखान्यात पाण्याचा डबा थंडगार खाऱ्या पाण्याच्या हौदात बुडवतात. डब्यातलं पाणी कडेने गोठत आत सरकतं आणि पाण्यातला क्षार पुढे पुढे ढकलला जाऊन लादीच्या पोटात गोळा होतो. म्हणून लादी कडेला काचेसारखी आणि मध्ये पांढरी असते. ती पांढरी रेघ चाटली तर तोंड वाकडं होतं. जन्मभर अशा लाद्या फोडलेल्या माणसाला कोणी सांगितलं की मीठ जिथे पडलं तिथेच वर्षानुवर्षं बसून राहतं, तर तो कसा मानणार? मी म्हणायची, "आमचा बर्फ पाणी गोठून होत नाही अब्बा, तो वरूनच बर्फ म्हणून पडतो." त्यावर ते खिडकीतून आमच्या पांढऱ्याफटक आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "मंग पाडून दाखव."

परवाच्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर आले ती एक प्रश्न घेऊन. आमच्या वरिष्ठ बाईंनी विचारलं होतं, येत्या मोहिमेला अंटार्क्टिकाला येतेस का, भोक पाडायच्या तुकडीत. बकरी ईदनंतर उत्तर द्यायचं होतं. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रस्त्याने चालताना मी एकटीच 'हो' म्हणून बघायची. पण अब्बा मनातून या सगळ्याला फोल समजत असताना त्यांना महिनोन् महिने सोडून जायला माझा पाय निघत नव्हता. अडवलं त्यांनी कधीच नसतं. माझ्यासाठी नुसतं न अडवणं पुरेसं नव्हतं.

जेवताना मी विषय काढला. अब्बांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला आणि मराठीत म्हणाले, "इतका खर्चा करून इतक्या लांब जायचं, अन् आणायचं काय? बर्फ. त्यात काही राहत न्हाई, हे मी तुला इथं फुकटात सांगून राह्यलो."

मी त्यांचीच पोरगी. मी म्हणाले, "पाडून दाखवू का?"

दुसऱ्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानातून चार इंची पाइपाचा तुकडा आणला. खालून झाकण घट्ट बसवलं आणि घरच्या आडव्या डीप फ्रीजरमध्ये तो उभा केला. अम्मीने आधी नाक मुरडलं, कारण तो कोपरा तिच्या मटाराचा होता. मग मी अब्बांना नियम सांगितले. रोज दुकानातून आल्यावर लादीचा एक तुकडा गोळ्याच्या रंध्यावर जल्दी जल्दी किसायचा, तो कीस पाइपात टाकायचा आणि वरून धुण्याच्या मोगरीने दाबायचा. किती टाकायचा हे त्यांच्या मर्जीवर. वाटलं तर पातेलंभर, वाटलं तर चिमूटभर, नाहीतर काहीच नाही. फक्त जुम्म्याच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, कारखान्याच्या बर्फाऐवजी आमच्या बोअरच्या पाण्याचा बर्फ किसायचा. आमच्या बोअरचं पाणी असं खारं की त्यात डाळ शिजत नाही. म्हणजे जुम्मा हा आमचा मिठाचा हिवाळा, आणि एका जुम्म्यापासून दुसऱ्या जुम्म्यापर्यंत एक वर्ष.

"तुम्ही आभाळ," मी म्हणाले. "मी ईदला येईन आणि कोणत्या हप्त्यात तुम्ही किती पाडलं ते सांगेन."

आभाळ ही पदवी अब्बांना फार आवडली. मिशीला हात लावत ते म्हणाले, "अन् न्हाई सांगता आलं तर?"

"तर मी जात नाही."

अम्मी दारातून म्हणाली, "दोनों के दोनों दीवाने."

मी परत कामावर गेले. अब्बांशी रोज फोन व्हायचा, पण बर्फाबद्दल ते एक अक्षर बोलत नसत. एकदा अम्मी सांगत होती की सकाळपासून सगळ्या जालन्याची लाइट गेली आहे आणि फ्रीजरमधून पाणी टपकतंय. मागून अब्बा ओरडले, "सांगू नको तिला!" मधले काही दिवस त्यांचे फोन तुटक येत. मागे कसलातरी गलबला असे, मधूनच ते ओरडत, "अरे, ती बडी लादी उचल! बेटा, गिऱ्हाईक हाये, ठेवतो." उन्हाळा होता, धंद्याचे दिवस होते. मला बरंच वाटायचं.

बकरी ईदला घरी आले तेव्हा अब्बा जरा उतरलेले दिसले. रोजे नाहीत, आजार नाही, मग काय? "ऊन," ते म्हणाले. ईदचा दिवस पाहुण्यांत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या दस्तरखानावर प्लास्टिक अंथरून मी पाइप बाहेर काढला. कुल्फीच्या साच्याला करतात तसं ओलं फडकं बाहेरून चोळलं आणि तिरपा करून हलकेच ठोकला. पांढरा दांडका सरकत बाहेर आला. अब्बांनी खुर्ची जवळ ओढली.

मी करवतीने पातळ चकत्या कापत गेले. प्रत्येक चकती आधी दुकानाच्या काट्यावर तोलायची, मग एका वाटीत टाकायची, खालपासून वरपर्यंत क्रमाने. उंची मोजून भागत नाही, कारण खालचा बर्फ वरच्या भाराने आणि मोगरीने दबलेला असतो, वरचा भुसभुशीत. अंटार्क्टिकातही हेच. म्हणून वजन. जूनच्या उकाड्यात चकत्या बघता बघता वितळल्या. मग पेनासारखा तो मीटर, फिल्टरवाले पाण्यातला क्षार मोजायला वापरतात तो, मी एकेका वाटीत बुडवू लागले. कमी. कमी. कमी. मग एकदम जास्त.

"हा पहिला जुम्मा," मी म्हणाले.

अब्बा पुढे वाकले. मीटरच्या आकड्याकडे आणि वाटीकडे आळीपाळीने बघू लागले. दुसरा जुम्माही तसाच ठळक निघाला. दोहोंच्या मधल्या वाट्यांचं वजन बेरजेला धरून मी सांगितलं, "पहिल्या हप्त्यात तुम्ही हौसेने पुष्कळ टाकलं. त्याच्या पुढच्यात एकदम कमी. त्या हप्त्यात चतुर्थी होती. तुम्ही राजूरच्या लाद्यांच्या नादात होतात."

अब्बा अम्मीकडे वळले. "तू बोलली?"

"मैं कायकू बोलूँ?" अम्मी म्हणाली. तिला मनापासून गंमत वाटत होती.

दांडक्याच्या मध्यावर एक काचेसारखा पारदर्शक पट्टा होता. "इथे लाइट गेली. कीस वितळला आणि परत गोठला." खऱ्या बर्फात अशी पक्की खूण ज्वालामुखीची असते. एखादा मोठा डोंगर फुटला की त्याची आंबट राख सगळीकडे एकाच सुमाराला उतरते आणि वर्ष कोणतं यावर वाद उरत नाही. माझ्यासाठी जालन्याची लाइट हाच ज्वालामुखी. तो दिवस कोणता ते मला फोनमुळे माहीत होतं. अब्बांचा चेहरा आता असा झाला होता की मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

पट्ट्याच्या वर मात्र गणित बसेना.

लाइट गेल्या दिवसापासून ईदपर्यंत जितके जुम्मे यायला हवे होते, त्यात एक कमी भरत होता. मी वाट्या पुन्हा तपासल्या. मीटर धुऊन पुसून पुन्हा बुडवला. आमच्या कामातही असं होतं. वारा एखाद्या वर्षाचा सगळा बर्फ उडवून नेतो आणि ते वर्ष दांडक्यात सापडतच नाही. पण फ्रीजरमध्ये वारा कुठला? लाइट गेल्यावर पाण्याने क्षार वाहून गेला असेल म्हणावं, तर तो खाली गेला असता. ही फट वर होती. आणि फटीच्या दोन्ही बाजूंना बर्फ अगदीच थोडा होता.

"इथे तुमच्याकडे दुष्काळ पडला होता," मी चेष्टेत म्हणाले. "आणि एक जुम्मा गायब."

"विसरलो असंल," अब्बा म्हणाले.

अब्बा जुम्मा विसरत नाहीत. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा कुर्ता, कानामागे अत्तर, नमाज, आणि मशिदीतून निघताना गल्लीतल्या प्रत्येकाशी दोन शब्द. या एका दिवसावर त्यांचा सगळा हप्ता टांगलेला असतो. पाऊस असो, ताप असो, मी त्यांना जुम्मा चुकवताना पाहिलेलं नाही. मी वर बघितलं तर अम्मी वाट्या गोळा करायला वाकली होती आणि तिचा हात तसाच थांबला होता.

"अम्मी?"

ती खाली बसली. "तेरे अब्बा दवाखाने में थे," ती म्हणाली.

दुकानात लादी उतरवताना त्यांच्या छातीत कळ आली होती. ते भुशातच खाली बसले. शेजारच्या आडतीतल्या माणसांनी रिक्षात घालून नेलं. हृदयाची एक नस तुंबली होती, ती उघडून स्प्रिंग टाकली. तो जुम्मा त्यांनी पलंगावर पडून काढला. तो फोनमधला गलबला दवाखान्याचा होता. 'बडी लादी उचल' हे ते भिंतीकडे बघून ओरडत होते, आणि त्यावरून नर्सचं बोलणंही खाल्लं होतं.

मग मी भडकले. उर्दूत. मला काय वाटलं ते सगळं बोलले, आणि जे वाटलं नव्हतं तेही. मी परकी आहे का, मला कोण सांगणार होतं, कधी सांगणार होतात. बोलता बोलता रडायला लागले. भीती वाटत होती, ती रागासारखी बाहेर पडत होती. अब्बा खुर्चीत मान खाली घालून ऐकत राहिले. अम्मी म्हणाली की त्यांनीच शपथ घातली होती. मला कळलं तर मी तिकडे जाणार नाही, असं म्हणाले होते.

"जाणारच नाही," मी म्हणाले. "आजच कळवते. नाही म्हणून."

आता अब्बा मराठीवर आले. फार हळू बोलत होते. "बस जरा. ह्या वाट्या अजून संपल्या न्हाई."

"मला नाही बघायच्या."

"बस म्हणलं ना." त्यांनी बोट ठेवलं ते फटीच्या पुढच्या वाटीवर. "हे मी दवाखान्यातून आल्तो त्या हप्त्याचं. मूठभर. तुझी अम्मी ओरडत होती, मोगरी उचलायची मनाई होती, मी हातानंच दाबलं. बराबर?" मग ते पुढच्या जुम्म्याकडे सरकले. "अन् ह्या हप्त्यात किती?"

मी वजन सांगितलं. त्या मूठभरापेक्षा जास्त होतं.

"मंग ह्याच्यात?"

त्याहून जास्त.

"अन् हे शेवटचं?"

शेवटचं सगळ्यांत जड होतं. पण मला हरायचं नव्हतं. मी म्हणाले, "वरचा थर आहे. दबलेला नाही, म्हणून जास्त वाटतो."

अब्बांनी माझ्याकडे असं बघितलं जसं ते वजनात घोळ घालणाऱ्या कारखानदाराकडे बघतात. "मंग सकाळपासून काटा कशाला मांडून बसली?"

मी काटा बाजूला सरकवला.

"इतकी वर्षं मी म्हणत गेलो, बर्फात काही राहत न्हाई," अब्बा म्हणाले. "तू म्हणली, राहतं. चल, मानलं मी. राहतं. मी लपवलेलं बी राहतं. तर आता पुरं वाच की बेटा. गायब जुम्मा तेवढा वाचती, अन् त्याच्या पुढं मी बरा होऊन राह्यलो, ते वाचत न्हाई? अर्धं वाचायला तुला तिकडं कोण बोलवून राह्यलं?"

अम्मी पदराने डोळे पुसत हसली. मी वाट्यांकडे बघत बसले. त्या रांगेत माझा बाप होता. हौसेने पातेलं भरून टाकणारा, राजूरच्या गडबडीत विसरणारा, मग कुठेच नसलेला, मग मूठभर, मग रोज थोडा थोडा जास्त. शेवटच्या हप्त्यांत तो वाढत होता यात शंका नव्हती. असा चढ मला दुसऱ्या कोणाच्या बर्फात दिसला असता तर मी निश्चिंतपणे लिहून टाकलं असतं की इथून पुढे बर्फवृष्टी सुधारली. आपल्याच माणसाच्या बाबतीत तेवढा विश्वास ठेवणं मला जड जात होतं. तरी आकडा बदलत नव्हता.

दुपारी मी अब्बांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. काट्यावर माझा भरवसा असला तरी डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं होतं. डॉक्टर म्हणाले, गाडी रुळावर आहे, गोळ्या चुकवू नका, लादी उचलू नका. लाद्या उतरवायला आता दुसरी माणसं आहेत आणि अब्बा स्टुलावर बसून त्यांच्या चुका काढतात, असं अम्मीने तिथेच सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अब्बांनी माझा हात धरला नाही. मुद्दामच धरला नाही, आणि मी मुद्दामच पुढे केला नाही. रिक्षात बसल्यावर मी वरिष्ठ बाईंना फोन लावून 'हो' म्हणाले. शब्द एकदाच म्हणावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी बॅग भरत होते तेव्हा अंगणात काहीतरी खडखडलं. अब्बा रिक्षातून उतरत होते आणि रिक्षावाला मागून एक पाइप उतरवत होता. माझ्या पाइपापेक्षा चांगला लांब, जाड, नवाकोरा. डॉक्टरांचं ऐकून त्यांनी तो स्वतः उचलला नव्हता, एवढं मी लगेच बघून घेतलं.

घरात येऊन त्यांनी फ्रीजर उघडला, आत वाकून अंदाज घेतला आणि माझ्याकडे न बघता बोलले. माझ्या कामाबद्दल अब्बा पहिल्यांदाच उर्दूत बोलत होते.

"तू वहाँ की पढ़ के आ बेटा, मैं यहाँ की भरता. एक जुम्मा नईं छूटेगा."

मी बॅग तशीच सोडून उठले. अम्मी पुढे झाली, मटाराच्या पिशव्या तिने स्वतःच बाजूला केल्या आणि तिघांनी मिळून पाइप आत उभा करून बघितला. फ्रीजरचं झाकण काही केल्या लागेना. शेवटी थोडा कापावा लागला.